मार्फा (टेक्सास) : वाळवंटातलं कलाकारांचं गाव, कोणी जाऊन आलंय का?

कडीपत्ता :
नमस्कार लोकहो. नोव्हेंबरात सासू-सासरे इकडे ह्यूस्टनला येतायत, नासा, गॅलव्हस्टन, मीनाक्षी मंदिर हे सगळं मागच्या खेपेला दाखवून झालंय, त्यामुळे आता काहीतरी वेगळं म्हणून माझ्या डोक्यात मार्फाने घर केलंय. वेस्ट टेक्सासमधलं जेमतेम १,८०० वस्तीचं गाव, चहूबाजूंनी चिवावा वाळवंट, आणि त्यात म्हणे जगभरातून लोक आर्ट बघायला येतात. नवऱ्याचं म्हणणं एवढी ६०० मैल गाडी हाणायची आणि बघायचं काय तर कला म्हणून मांडलेले डबे, त्यापेक्षा न्यू ऑर्लिन्सला जाऊ. सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, त्यांना फिरायची हौस आहे पण उगाच काहीही दाखवलेलं चालत नाही. सासूबाई शुद्ध शाकाहारी. तर खाण्याचं काय, बुकिंग कसं, आणि मुख्य म्हणजे ज्याला मॉडर्न आर्टमधलं ओ की ठो कळत नाही त्याला तिथे मजा येते का, हे जाऊन आलेल्यांनी सांगा.

आयतोबा :
तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा. डबे बघायला एवढं लांब कशाला, आमच्या आईच्या माळ्यावर चला, कुठलाही फोडला तरी आत निदान चकली सापडेल. :)

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत, रुमाल टाकून ठेवतो.

भटकभवानी :
मी ऑस्टिनला असते, तिकडे अधूनमधून जाणं होतं, त्यामुळे जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी वार बघा. सोमवार ते बुधवार गाव झोपलेलं असतं, गॅलऱ्या बंद, खाण्याच्या बऱ्याचशा जागा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गुरुवार ते रविवार बसवा. चिनाटी फाउंडेशन म्हणजे तिथलं मुख्य कला-संग्रहालय, त्याची टूर ऑनलाइन आधीच बुक करा, तिथे गेल्यावर बघू म्हणणारे हात हलवत परत येतात. जड फाउंडेशनचं बुकिंग वेगळं, तिथे डोनाल्ड जड या शिल्पकाराचं राहतं घर आणि स्टुडिओ बघता येतो, सगळ्या आवाराला नऊ फुटी मातीच्या विटांची भिंत आहे आणि आत त्याचं पुस्तकांचं कलेक्शन, कोणी राहायला बोलावलं तर मी कलाबिला सोडून तिथेच पडून राहीन.

आता डब्यांबद्दल. हा जड न्यूयॉर्कमध्ये चांगलं नाव कमावलेला माणूस. त्याची तक्रार अशी की म्युझियमवाले कुठेतरी कोपऱ्यात काम मांडतात, चार आठवड्यांनी उचलून गोदामात टाकतात, मग ते काम कोणी नीट बघितलं असं म्हणायचंच कसं. म्हणून ७०च्या दशकाच्या सुरवातीला तो इकडे आला, जागा घेत सुटला, मग डिया आर्ट फाउंडेशनच्या पैशातून गावाबाहेरची आर्मीची बंद पडलेली छावणी, फोर्ट डी. ए. रसेल, मिळाली आणि १९८६ मध्ये चिनाटी सुरू झालं. अट एकच, काम जिथे मांडलं तिथेच कायमचं राहणार.

तोफखान्याच्या दोन जुन्या शेड आहेत, गॅरेजची दारं काढून तिथे भिंतभर काचा लावल्यात, आणि आत जडच्या ॲल्युमिनियमच्या १०० पेट्या. बाहेरून सगळ्या एकाच मापाच्या, ४१ बाय ५१ बाय ७२ इंच. आतून एकही दुसरीसारखी नाही, कुठे तिरका पत्रा, कुठे वरचं झाकणच नाही, कुठे मधोमध फट. पहिली पाच मिनिटं तुम्हाला वाटणार की आयतोबा बरोबर बोलत होता. मग बाहेर ढग सरकतो आणि एका पेटीची अख्खी बाजू गायब होते, तिच्या जागी खिडकीबाहेरचं पिवळं गवत दिसायला लागतं, तुम्ही दोन पावलं डावीकडे सरकता आणि पत्रा परत पत्रा होतो. हे असं १०० वेळा आणि दर वेळी वेगळं. फोटोत यातलं शून्य येतं, म्हणून इंटरनेटवर बघून निकाल लावू नका.

आणि तिथल्या भिंतीवर जर्मन भाषेतल्या पाट्या आहेत, दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते त्यांच्यासाठी रंगवलेल्या. एका पाटीचा मतलब साधारण असा की डोकं गमावण्यापेक्षा ते वापरलेलं बरं. जडने त्या पुसल्या नाहीत.

खाण्याबद्दल नंतर लिहिते, मीटिंग आहे.

आबा_प्लेनोकर :
कडीपत्ता ताई, मी स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, मुलाकडे प्लेनोला येत-जात असतो, तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या वतीने चार शब्द लिहितो. मला मुलाने आणि सुनेने तिथे नेले तेव्हा आतल्या पेट्यांमध्ये मला फारसे स्वारस्य वाटले नाही. परंतु बाहेर मोकळ्या माळावर त्याच गृहस्थांची काँक्रीटची कामे आहेत, एकूण १५, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या ओळीत. प्रत्येक खोका अडीच मीटर बाय अडीच मीटर बाय पाच मीटर, स्लॅबची जाडी २५ सेंटिमीटर, आणि सर्व कास्टिंग जागेवरच केलेले, १९८० ते ८४ या काळात. त्यांची ओळंब्यातली रेषा बघण्यासारखी आहे. काही खोक्यांच्या कडा सुरेख धारदार आल्या आहेत, काहींच्या कोपऱ्यांना तडे गेलेले दिसतात. मी प्रत्येक सांध्यापाशी थांबत गेलो, मुले पुढे निघून गेली, नंतर सून मला शोधत परत आली. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गोठणाऱ्या हवेत काँक्रीटचे काय होते याचा तो उघड्यावरचा नमुना आहे. तुमचे सासरे पीडब्ल्यूडीचे असतील तर त्यांना तिथे मोकळे सोडा, चर्चेला आठवडाभर विषय पुरेल.

दोन सूचना. गवतातून चालावे लागते, बूट घालावेत, रॅटलस्नेक असतात. आणि कामांवर हात ठेवून टेकू नये, चालत नाही. प्राँगहॉर्न नावाची हरणासारखी जनावरे त्या खोक्यांच्या आसपास चरत असतात, त्यांनाही कोणी हटकत नाही.

कडीपत्ता :
आबा, वाचून दाखवलं घरी. बाबा म्हणाले "क्युरिंग (काँक्रीटवर पाणी मारणं) नीट केलं नसणार". म्हणजे ते येतायत. :)

आयतोबा :
हाहा, आबा रॉक्स. पण तिथे वाळवंटात प्राडाचं, म्हणजे त्या महागड्या पर्सवाल्यांचं, दुकान आहे म्हणतात ते तरी खरं आहे का? म्हणजे आमची बायको धाग्यावर लक्ष ठेवून आहे म्हणून विचारतो.

भटकभवानी :
आले. @आयतोबा, वहिनींना सांगा पर्स घरीच ठेवा, ते दुकान कधीच उघडत नाही. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट नावाच्या जोडीने २००५ मध्ये केलेली कलाकृती आहे ती, आणि नाव प्राडा मार्फा असलं तरी आहे व्हॅलेंटाइन गावाजवळ, मार्फापासून साधारण ३७ मैल, यूएस-९० च्या कडेला. खरे बूट, खऱ्या पर्सेस आत मांडलेल्या. उघडल्यावर लगोलग चोरी झाली, आता म्हणे पर्सेसना बूड नाही आणि बूट फक्त उजव्या पायाचे. लोक तिथे उड्या मारतानाचे फोटो काढतात आणि ५ मिनिटांत निघतात. तुम्हीही तेच करा, त्याच्यासाठी वेगळा वेळ काढू नका. वाटेत सरकारचा एक भलामोठा पांढरा रडारचा फुगा आकाशात बांधलेला दिसतो, माझ्या मते तो जास्त भारी आहे आणि त्याला कोणी आर्ट म्हणत नाही.

खाणं : शाकाहाऱ्यांचे हाल नाहीत पण चैनही नाही. बीन बरिटो मिळतो, बीन्समध्ये डुकराची चरबी घातलीय का ते मात्र दर ठिकाणी विचारून घ्या. सासूबाई असतील तर छोटा राइस कुकर, मेतकूट, धपाटे, लोणचं असं बरोबर ठेवा, किचन असलेली जागा घ्या. वाटेत फोर्ट स्टॉकटनला पेट्रोल भरूनच पुढे निघा. आणि हवा, गाव साधारण ४,७०० फुटांवर आहे म्हणजे महाबळेश्वरपेक्षा किंचित वरच, वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे न्याल तर नोव्हेंबरात रात्री कुडकुडाल.

जमलं तर चेंबरलेनची बिल्डिंगही बघा, गावातच रुळांजवळ लोकरीचं जुनं गोदाम आहे, त्यात चेचलेल्या मोटारींच्या पत्र्यांची शिल्पं. आणि डॅन फ्लेव्हिनच्या रंगीत ट्यूबलाइट, सहा बराकी भरून. माझी आवडती मात्र रॉबर्ट अर्विनची, छावणीचं जुनं इस्पितळ पडायला आलं होतं त्या जागी २०१६ मध्ये उघडली, अर्धी इमारत काळोखी अर्धी उजेडी, आत ताणून बसवलेला झिरझिरीत पडदा आणि खिडक्या, बास, बाकी काही नाही. तिथे बोलावंसं वाटत नाही.

निवडुंग :
सगळं छान चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो. मी एल पासोत राहून शिकलोय, मार्फाला आधी मित्राच्या आजीकडे जायचो, आर्टबिर्ट नंतर कळलं. या धाग्यात अजून एकाही गाववाल्याचा उल्लेख आलेला नाही. गाव रँचवाल्यांचं आणि मेक्सिकन वंशाच्या कामकरी लोकांचं, आर्मीची छावणी गेली, ५०च्या दशकातल्या दुष्काळाने गुरं गेली, गाव बसलं. मग जड आला, त्याच्या मागून न्यूयॉर्क आणि एलेचे (लॉस एंजेलिस) पैसेवाले आले, आणि ज्या मातीच्या घरात गरीब राहायचे त्या घराला एकदम भाव आला. त्यावरून घरांचा टॅक्स वाढला तो कुणाला? पिढ्यानपिढ्या तिथेच राहणाऱ्याला. त्याने ना शिल्प मागितलं होतं ना भाव.

चिनाटीला जा, माझं काही म्हणणं नाही, पण ब्लॅकवेल स्कूल बघितल्याशिवाय परत येऊ नका. १९०९ ची मातीची इमारत. मेक्सिकन मुलांची वेगळी शाळा, १९६५ पर्यंत चालली. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा. १९५४ मध्ये तर मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले, पेटीत घातले, आणि आवारात खड्डा खणून त्या पेटीचा दफनविधी केला. शाळेतल्याच माजी विद्यार्थ्यांनी ती इमारत पाडू दिली नाही, जपली, आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालंय. एवढीशी जागा आहे. मला विचाराल तर त्या गावातली सगळ्यात मोठी पेटी ती आहे.

मिरगुंड :
निवडुंग, वाचून काटा आला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की दंड होता, आणि आमच्याच आईवडलांना त्याचं कौतुक. जमिनीत पुरलं नाही एवढंच.

भटकभवानी :
ब्लॅकवेल माझ्याकडून राहिलं लिहायचं, मान्य, नक्की बघावं असंच आहे. पण @निवडुंग बाकीच्याशी थोडी असहमत. जड आला नसता तर गाव तसंच राहिलं असतं का? शेजारचं व्हॅलेंटाइन बघा, तिथे कोणी कलाकार राहायला आला नाही, तर आता १४ फेब्रुवारीला पोस्टाचा शिक्का मारून घ्यायला जगभरातून पाकिटं येतात त्यापलीकडे गावात काय उरलंय? टॅक्सचा प्रश्न खरा आहे पण तो काउंटीने सोडवायचा, त्याचं खापर काँक्रीटच्या खोक्यांवर कशाला?

निवडुंग :
खापर खोक्यांवर नाहीच. "काहीच नव्हतं तिथे कलाकाराने येऊन गाव वसवलं" या गोष्टीवर आहे. प्रत्येक ट्रॅव्हल ब्लॉग हेच लिहितो. १८८६ चं गुलाबी कोर्टहाउस आहे गावात, काहीच नव्हतं काय?

भटकभवानी :
ओके, हे पटलं.

चिंचगुळी :
मी एलेची. टेक्सासला जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी आमच्याकडे बॉम्बे बीच आहे, हसू नका खरंच नाव आहे, सॉल्टन सीच्या काठावर. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून खोलगट वाळवंटात शिरलं आणि पुढची दोन वर्षं शिरतच राहिलं, त्याचा हा समुद्र झाला. ५०-६० च्या दशकात लोक बोटिंगला यायचे, मग पाणी खारट होत गेलं, मासे मेले, रिसॉर्ट ओस पडले. आता किनाऱ्यावर वाळूऐवजी माशांची हाडं आणि शिंपल्यांचा चुरा, चालताना बुटाखाली कर्रकर्र वाजतं. २०१६ पासून कलाकार मंडळी तिथे बिएनाले नावाचा कलामहोत्सव भरवतात, पाण्यात उभा झोपाळा, अर्धं पुरलेलं काहीबाही, असलं किनारभर पडलेलं असतं. तिकीट नाही, गाइड नाही, वेळा नाहीत. जवळच नायलंडपाशी साल्व्हेशन माउंटन, लेनर्ड नाइट नावाच्या माणसाने माती, गवताच्या पेंढ्या आणि रंगाचे डबेच्या डबे वापरून वर्षानुवर्षं रंगवत आणलेली टेकडी. मार्फा मला जरा इस्त्री केलेलं वाटलं, हे आवडलं. वास मात्र सहन करायची तयारी ठेवा आणि उन्हाळ्यात चुकूनही जाऊ नका, ४५ च्या पुढे पारा जातो.

आयतोबा :
बॉम्बे बीचवर मेलेल्या माशांचा वास. म्हणजे नाव अगदी चुकलेलं नाही. (वर्सोवाकरांनी हलके घेणे)

सोलकढी_प्रेमी :
मी पडले डोंबिवलीची, तुमचं टेक्सास माझ्या बजेटात नाही, पण वाळवंट आणि कला म्हणाल तर कच्छला जा की लोकहो. रण उत्सवाचे तंबू नव्हे, ते लग्नाच्या हॉलसारखे असतात. भुजला मुक्काम ठोकायचा आणि रिक्षा नाहीतर गाडी ठरवून गावं करायची. निरोण्याला रोगन करतात, एरंडेल तेल शिजवून शिजवून चिकट खळीसारखं करतात, त्यात रंग कालवतात आणि मग तळहातावर तो गोळा घेऊन लोखंडी काडीने त्याची तार काढत कापडावर सोडतात, काडी कापडाला लागत नाही, वरून नुसती तार पडत जाते. अर्धीच नक्षी काढायची, कापड घडी घालून दाबलं की दुसरी अर्धी उमटते. मी तिथे तोंड उघडं ठेवून बसले होते. अजरखपूर तर २००१ च्या भूकंपानंतर वसलेलं अजरखचं, म्हणजे ठशांच्या कापडछपाईचं गाव, जुन्या गावात, धमडक्याला, पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले म्हणून छापणारे खत्री लोक उठून नवीन जागी आले. निवडुंग यांचा जो मुद्दा आहे ना, कला कुणाची आणि गाव कुणाचं, तो इथे येतच नाही, जो करतो तो तिथलाच.

निवडुंग :
येतो हो तिथेही. शोरूममध्ये त्या अजरखवर लागलेली किंमत बघा आणि छापणाऱ्याला काय मिळतं ते त्याच्याच अंगणात बसून विचारा. तिथे जाऊन थेट घेतलं तर गोष्ट वेगळी.

सोलकढी_प्रेमी :
थेटच घेतलं. घासाघीस पण केली नाही, आणि हे मी, जी कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडते.

मिरगुंड :
मार्फाचे भुताचे दिवे राहिले ना! मार्फा लाइट्स. कोणी बघितले का?

आबा_प्लेनोकर :
गावाच्या पूर्वेला नऊ मैलांवर हायवेलगत त्यासाठी बांधलेली प्रेक्षक जागा आहे, स्वच्छतागृह चांगले आहे. क्षितिजावर दिवे दिसतात, थरथरतात, जवळ येतात, विझतात. १८८३ पासून लोक पाहत आल्याचे सांगतात. २००४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलसच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मोजमाप केले, त्यांना दिसलेले दिवे हायवे ६७ वरच्या मोटारींचे निघाले. मी हे तिथे जमलेल्या लोकांना सांगू लागलो तर सौ.ने माझा हात दाबला.

कडीपत्ता :
ठरलं मंडळी, जातोय. बुधवारी निघून रात्री फोर्ट स्टॉकटन, गुरुवार-शुक्रवार मार्फा, ब्लॅकवेल स्कूल यादीत टाकलंय, ते कधी उघडं असतं ते बघून तसा दिवस लावते. शनिवारी फोर्ट डेव्हिसला मॅकडॉनल्ड वेधशाळेची स्टार पार्टी (रात्री दुर्बिणीतून तारे बघायचा कार्यक्रम), रविवारी परत. एवढं ड्रायव्हिंग नको म्हणून विमानाचाही विचार केला पण एल पासोहूनही ३ तास आहेच म्हणतायत. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्याचं काही लागतं का रस्त्यात?

निवडुंग :
लागतं, बरं झालं विचारलंत. तो पट्टा बॉर्डरचा आहे. मार्फाच्या दक्षिणेला ६७ वर बॉर्डर पेट्रोलचा नाका आहे, बिग बेंड नॅशनल पार्ककडून वर येणाऱ्या रस्त्यांवरही आहेत, आणि एल पासोहून आय-१० ने आलात तर सिएरा ब्लांकापाशी थांबवतात. तुमच्या रूटवर कदाचित एकही लागणार नाही, पण सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, आई-बाबांच्या आय-९४ च्या (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) प्रिंट, तुमची जी काय कागदं असतील ती, गाडीत हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. फोनवरच्या फोटोंवर विसंबू नका, तिथे मधेच रेंज जाते. बहुतेक वेळा नागरिक आहात का एवढंच विचारतात, नाही म्हणून सरळ सांगायचं, कागद दाखवायचे, पुढे.

आणि कोणी एल पासोहून जाणार असेल तर, एल पासोचं घड्याळ मार्फाच्या एक तास मागे आहे. टूरची वेळ मार्फाच्या घड्याळाने धरा.

भटकभवानी :
स्टार पार्टीचं तिकीट आजच काढा, शनिवारची सगळ्यात आधी संपतात. डोंगरावर आहे, मार्फापेक्षाही गार, आईंना दोन शाली आणि कानटोपी. वेधशाळेहून उतरताना गाडी हळू चालवा, हरणं एकदम समोर येतात. आणि बाबांचा क्युरिंगबद्दलचा रिपोर्ट इथे टाकायचा बरं का, आबा वाट बघतायत.